सायलेन्सरचा आवाज

काही परके शब्द मराठीत रुळता रुळता आपले मूळचे काम विसरतात. 'सायलेन्सर' हा त्यांपैकी एक. शब्दाचा अर्थ आवाज शमवणारा. पण आमच्या नवीन जालन्यात 'पोराने गाडीला सायलेन्सर बसवून घेतला' असे कोणी म्हटले, की ती गाडी आता गल्लीच्या तोंडापासून ऐकू येणार, हे वेगळे सांगावे लागत नाही. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक असल्याने या उलटलेल्या अर्थाचे आम्हाला कुतूहल होतेच. परवा एका माजी विद्यार्थ्याच्या अंगणात त्या कुतूहलाचे रूपांतर थोड्या अडचणीच्या विचारात झाले.

हा मुलगा वर्गात मागच्या बाकावर बसे आणि तोंडी परीक्षेत जेमतेम दोन वाक्ये बोले. आपल्या जुन्या गाडीसाठी त्याने दोन तोंडांचा एक्झॉस्ट वेल्डिंग करून घेतला होता. त्याच्या नळ्या मागच्या बंपरला अडत होत्या, म्हणून बंपर उतरवून त्याला घरीच खाचा पाडण्याचे काम चालले होते. "सर, मॅडम, बघायला या," असे त्याने आग्रहाने बोलावले. आम्ही गेलो ते मनात थोडी नापसंती घेऊनच.

तिथे जे पाहिले त्याने ती नापसंती टिकू दिली नाही. हल्लीच्या गाड्यांचा बंपर म्हणून जो दिसतो, तो बहुधा पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचा मुखवटा असतो. धडक झेलणारी मजबूत पट्टी त्याच्या आत असते. मुलाने त्या पट्टीला हात लावला नव्हता. पुठ्ठ्याचा एक साचा कापून त्याने डाव्या बाजूची आकृती उमटवली आणि तोच साचा पालथा करून उजवीकडची, म्हणजे दोन्ही खाचा हुबेहूब जुळाव्यात. नळीभोवती दोन बोटे जागा मोकळी सोडली होती, कारण एक्झॉस्ट रबरी आधारांवर लोंबत असतो आणि इंजिनाबरोबर हलतो. शिवाय हे प्लास्टिक साधारण १६० अंशांना वितळते. म्हणून आतल्या बाजूने ॲल्युमिनियमचा पत्रा लावायचा होता. आणि कापायचे ते रेषेच्या आतून. मग कानशीने घासत रेषेपर्यंत यायचे. "जास्त कापलेलं परत जोडता येत नाही ना, सर," तो म्हणाला. लेखनाच्या संस्काराविषयी आम्ही वर्षानुवर्षे वर्गात जे सांगत आलो, ते इतक्या थोड्या शब्दांत आम्हाला कधी साधले नव्हते.

जालना हे भंगार वितळवून त्याच्या सळ्या करणारे गाव आहे. टाकून दिलेल्या लोखंडाला इथे पुन्हा आकार मिळतो, आणि त्या कामाला आम्ही उद्योग म्हणतो. तोच हात घराच्या अंगणात चालू लागला, की आम्हा शिकलेल्यांच्या तोंडी 'उथळपणा' हा शब्द येतो. हा आमचा दुजाभाव आहे आणि तो सोडला पाहिजे.

परंतु येथवर कौतुक करून थांबणे म्हणजे अर्धेच बोलणे होईल. बंपर त्या मुलाचा आहे. नळीतून बाहेर पडणारा आवाज मात्र साऱ्या गल्लीचा होतो. मूळ सायलेन्सरच्या पेटीत सच्छिद्र नळ्या आणि कप्पे असतात. ध्वनिलहरी त्यांत आपटून, परतून एकमेकींना क्षीण करतात. पेटी काढून सरळ नळी लावली, की हे शमवणे संपते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. डेसिबलचे गणितही फसवे: दहाने वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दसपट. परीक्षेच्या अभ्यासाला बसलेली मुलगी, नुकतेच झोपी गेलेले आजारी आजोबा, यांना त्या खाचेतील कारागिरी दिसत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने निषिद्ध केला आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. ध्वनी आणि हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडल्यास, २०१९च्या दुरुस्तीनंतर, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवला आहे. असा सायलेन्सर जप्त करणे योग्यच. तथापि त्या दृश्याने धाक बसतो; आवाज का नको, हे कोणाला उमगत असेल असे वाटत नाही.

आम्ही त्या मुलाला एवढेच सुचवले: खाचा राहू देत, दोन तोंडेही राहू देत, पण त्यांच्यामागे कंपनीची मूळ पेटी आणि धूर शुद्ध करणारा भाग तसाच ठेव. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "आवाजच नाही आला, तर मी एवढं केलंय हे कोणाला कळणार?"

या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. तीन वर्षे तो आमच्या महाविद्यालयात होता. त्याच्या हातात एवढे कसब आहे याचा आम्हाला पत्ता नव्हता आणि ते दाखवावे अशी जागाही आम्ही त्याला दिली नाही. स्नेहसंमेलनात रांगोळीला दालन असते, काव्यवाचनाला व्यासपीठ असते. येत्या वर्षी तिथेच एक टेबल अशा हस्तकौशल्यासाठी मांडावे, असा प्रस्ताव आम्ही देणार आहोत. पुठ्ठ्याचा तो साचा त्यावर ठेवायला आणशील का, असे त्याला विचारले आहे. गाडीची पेटी बदलायची की नाही, हे त्याने अजून सांगितलेले नाही.