कामणचा इष्टांक दाखवा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य अन्न आयोग, मुंबई



आमच्याकडे रेशनचं काम घेऊन खिडकीवर उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘इष्टांक शिल्लक नाही.’ कार्ड केशरी असतं, घरात खाणारी तोंडं सहा, कमावणारा एकच आणि तोही नाक्यावर मिळेल ते काम करणारा. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधार सगळं जोडलेलं असतं. तरी उत्तर तेच, आणि तेही तोंडी. लेखी द्या म्हटलं की पुढच्या माणसाला हाक मारली जाते. कामण, देवदळ, पोमण या पट्ट्यातली आम्ही काही मुलंमुली पाड्यांवरच्या लोकांचे अर्ज भरून देतो, मोबाइलवर त्यांचं ई-केवायसी करतो, रेशनकार्डाचा बारा अंकी आरसी नंबर टाकून कोणाचं नाव उडालं ते बघतो. हे पत्र त्या कामातून लिहिलं आहे.

कामण कागदावर शहर आहे. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली आणि आमचं गाव तिच्यात गेलं. प्रत्यक्षात वर कामणदुर्ग आणि तुंगारेश्वरचं जंगल, खाली चिंचोटी-अंजूरफाटा रस्त्यावर खड्ड्यांतून रांगणारे कंटेनर, रस्त्याला लागून गाळे आणि गोदामं, त्यांच्या मागे उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आणि त्यांच्याही मागे वारली-कातकऱ्यांचे पाडे. वसई-दिवा मार्गावरच्या कामण रोड स्टेशनात उतरून कुठल्याही दिशेला चालत गेलात तरी हे सगळं एका फेरीत दिसेल. पावसाळ्याच्या सुरुवातीला वीटभट्ट्या बंद झालेल्या असतात, लावणी सुरू व्हायची असते, हाताला काम नसतं. तेव्हा बायका शेवळं, कोरल, टाकळा रानातून आणून स्टेशनाबाहेर वाटे लावून बसतात आणि संध्याकाळी त्याच पैशांचा तांदूळ घेऊन घरी जातात. रानभाज्यांचे महोत्सव भरवणाऱ्यांनी हा दुसरा भागही एकदा बघावा.

आता इष्टांकाचं, म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं या ठरवून दिलेल्या आकड्याचं गणित. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३चा, महाराष्ट्रात तो २०१४च्या फेब्रुवारीत लागू झाला. राज्यातल्या ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के लोकांना धान्य द्यायचं ठरलं, एकूण सुमारे ७ कोटी. हे टक्के लावले ते २०११च्या जनगणनेतल्या लोकसंख्येला. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आकडा तिथेच गोठला. वसई-विरारमध्ये २०११ साली बारा लाखांवर लोक होते. त्यानंतर इथे किती इमारती आणि किती चाळी उठल्या, हे लोकलने येजा करणाऱ्या कोणालाही विचारा. माणसं वाढली, इष्टांक वाढला नाही. शिवाय गाव ‘शहर’ झालं की धान्याला पात्र माणसांचं प्रमाण जवळपास एकतीस टक्के-बिंदूंनी खाली येतं. पाड्यावरच्या बाईच्या चुलीत यामुळे काय फरक पडला, ते मात्र कोणी विचारलं नाही.

उत्पन्नाची मर्यादा तर याहून विचित्र आहे. प्राधान्य कुटुंबासाठी शहरात वर्षाला ५९,००० रुपये, ग्रामीण भागात ४४,०००. हे आकडेही २०१३चेच. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने नवरा-बायकोने वर्षातले पंचाण्णव-पंचाण्णव दिवस काम केलं की शहरी मर्यादा ओलांडली. म्हणजे वर्षातले नऊ महिने दोघं घरी बसले, तरच सरकारच्या लेखी ते गरीब. गाळ्यात वर्षभर काम करणारा कोणीही माणूस या व्याख्येत बसत नाही. मग काय होतं? बहुतेक जण दाखल्यावर पन्नास हजारांच्या आतबाहेरचा आकडा घालून आणतात, देणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला ठाऊक असतं. ज्याला असा दाखला मिळवता येत नाही तो उपाशी राहतो. खोटं बोलल्याशिवाय हक्क मिळणार नाही अशी व्यवस्था सरकारनेच उभी केली आहे आणि वर अपात्र कार्डधारक शोधण्याच्या मोहिमाही तेच काढतं.

या सगळ्यावर तरुणांनी काय करावं, असा प्रश्न कोणी विचारला की लगेच अन्नाची पाकिटं वाटण्याची कल्पना पुढे येते. वाईट नाही. लॉकडाऊनमध्ये भिवंडी-वसईहून कामगार पायी निघाले तेव्हा ठिकठिकाणच्या पोरांनी रस्त्यात खिचडी वाटली, ती त्या दिवशी लागणारीच होती. रॉबिन हूड आर्मी या संघटनेचे स्वयंसेवक हॉटेलांतलं उरलेलं अन्न गोळा करून वाटतात, ती २०१४ साली दिल्लीत सुरू झाली. तिची मूळ कल्पना आली पोर्तुगालमधून. लिस्बनमध्ये २०११ साली एक गृहस्थ सायकलवरून उपाहारगृहांतलं अन्न गोळा करू लागले, त्यातून ‘रीफूड’ उभी राहिली, आणि ते काम पाहून आलेल्या नील घोष या तरुणाने मित्रांना घेऊन ते इथे रुजवलं. पोर्तुगीजांनी वसईवर दोनशे वर्षं राज्य केलं, पण त्यांच्याकडून घेण्यासारखी ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती अशी उशिरा आणि दिल्लीवरून.

पण युरोपातल्या तरुणांकडून मला घ्यावंसं वाटतं ते वेगळंच. २०२०च्या जूनमध्ये मार्कस रॅशफर्ड या बावीस वर्षांच्या फुटबॉलपटूने ब्रिटनच्या खासदारांना खुलं पत्र लिहिलं. लहानपणी तो स्वतः शाळेतल्या मोफत जेवणावर वाढला होता. सुट्टीत शाळा बंद म्हणून गरीब मुलांचं जेवण बंद करू नका, एवढंच त्याचं म्हणणं. सरकारने आदल्या दिवसापर्यंत नकार दिला होता. पत्रानंतर दुसऱ्याच दिवशी निर्णय फिरवला आणि सुमारे तेरा लाख मुलांच्या उन्हाळ्यातल्या जेवणासाठी बारा कोटी पौंड काढले. तोपर्यंत रॅशफर्ड अन्नवाटप करणाऱ्या संस्थेसाठी पैसे उभे करतच होता. एवढ्याने भागत नाही हे कळल्यावर तो सरकारच्या दारात गेला. पॅरिसमध्येही त्याच वर्षी विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी अन्नवाटप सुरू केलं. रांगेत उभी राहिलेली कॉलेजची मुलं साऱ्या देशाने पाहिली आणि २०२१च्या जानेवारीत तिथल्या सरकारला विद्यापीठांच्या खानावळीत एक युरोत जेवण जाहीर करावं लागलं.

आपल्याकडे उलटं आहे. शाळेत आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय राज्याने २०२३ साली घेतला आणि २०२५च्या जानेवारीत त्याचा निधी काढून टाकला. हे त्या राज्यात, जिथे १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली होती. जव्हार आता आमच्याच पालघर जिल्ह्यात आहे. एका अंड्यासाठी दुसऱ्या दिवशी निर्णय फिरवायला लावणारं पत्र कोणी लिहिलं नाही, हा आमच्याही पिढीचा दोष आहे.

आमची अडचण ब्रिटनच्या तरुणांच्या अडचणीपेक्षा एका अर्थाने सोपी आहे: त्यांना नवा निर्णय मिळवायचा होता, आमच्याकडे अन्न सुरक्षा कायदा तयार आहे. कलम २७ सांगतं, रेशनची सगळी दप्तरं लोकांना बघायला खुली हवीत. कलम २८ सांगतं, स्थानिक संस्थेने रेशन दुकानांचं सामाजिक लेखापरीक्षण ठरावीक काळाने करावं आणि निष्कर्ष जाहीर करावेत. कलम २९ प्रमाणे दुकानापासून राज्यापर्यंत दक्षता समित्या हव्यात. गावात निदान ग्रामसभा असते, तिथे यादी वाचा म्हणून एखादी म्हातारीसुद्धा उभी राहू शकते. महापालिकेत गेलो आणि ग्रामसभा संपली. वर २०२०च्या जूनपासून २०२६च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत नगरसेवकही नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. एवढ्या वर्षांत कामणच्या दुकानांचं सामाजिक लेखापरीक्षण कधी झालं, अहवाल कुठल्या भिंतीवर लावला, दक्षता समितीत कोण आहे, हे आयोगाने महापालिकेला आणि तहसीलला विचारावं. आम्ही विचारलं तर अर्जाची पोच मिळते. तुम्हाला चौकशीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

इष्टांकाचंही तसंच. माणसं मरतात, मुली लग्न होऊन जातात, कुटुंबं गाव सोडतात, ई-केवायसी झालं नाही म्हणून नावं गळतात. प्रत्येक गळलेल्या नावाने एक जागा रिकामी होते. त्या जागा कोणाला दिल्या? दर महिन्याला दुकानावर तीन आकडे लावले तरी पुरे: मंजूर इष्टांक किती, भरलेला किती, प्रतीक्षेत कोण. नाव गळालेल्यांत वीटभट्टीवर बोटांच्या रेषा झिजलेले मजूर असतात, आश्रमशाळेत असल्यामुळे अंगठा द्यायला घरी नसलेली पोरं असतात. त्यांना अपात्र म्हणायचं कोणत्या तोंडाने?

शिवाय ‘इष्टांक नाही’ हे उत्तर दोन ठिकाणी मुळातच चालत नाही. कातकरी ही आदिम जमात आहे, आणि अशा जमातींच्या प्रत्येक कुटुंबाला अंत्योदय कार्ड द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २ मे २००३चा आहे. कातकऱ्याच्या हातात केशरी कार्ड दिसलं तर चूक त्याची नाही. दुसरे स्थलांतरित कामगार. ई-श्रमवर नोंद असलेल्या पण कार्ड नसलेल्या मजुरांना रेशनकार्ड द्या, असं न्यायालयाने २०२३ साली सांगितलं आणि २०२४च्या मार्चमध्ये कोट्याची सबब न सांगता द्या, असं पुन्हा बजावलं. इथल्या गाळ्यांत आणि गोदामांत राबणाऱ्या किती जणांना तसं कार्ड मिळालं, याची मोजणी आयोगाने मागवावी.

उत्पन्नाची मर्यादा वाढवणं तुमच्या हातात नाही, हे ठाऊक आहे. पण राज्य सरकारला सल्ला देणं हे कायद्याने नेमून दिलेलं तुमचंच काम आहे. २०१३चा आकडा आज लाजिरवाणा आहे, असं लेखी कळवा. किमान मजुरीवर वर्षभर राबणारं कुटुंब मर्यादेच्या आत बसेल एवढी तरी ती हवी.

आणि दक्षता समितीत आम्हाला घ्या. कलम २९ मध्ये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, निराधार, अपंग यांचा उल्लेख आहे, तरुणांचा नाही. पण पाड्यावरच्या वारली मुलीला सदस्य करायला कायद्याची आडकाठीही नाही. आम्हाला कार्ड वाचता येतं, पावती तपासता येते, कोणाचा अंगठा लागत नाही हे घराघरांत ठाऊक आहे. मानधन नको. तिथे बसण्याचा अधिकार आणि दप्तर बघण्याची परवानगी हवी.

पावसाळा लागायच्या आत कामणमध्ये एक जाहीर सुनावणी घ्या. तहसील, महापालिका, दुकानदार, सगळ्यांना समोर बसवा आणि ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे त्यांना लोकांसमोर, कागद दाखवून सांगू द्या. तारीख कळवा, कार्डं घेऊन लोकांना आणण्याचं काम आमचं.

आपली,
कामणमधली एक केशरी कार्डधारक
ता. वसई, जि. पालघर