बहिष्कार उठतो कधी?

झाशी : मेजर ध्यानचंद यांच्या या गावापासून ग्वाल्हेर जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे. तेथील स्टेडियमला ध्यानचंद यांचे धाकटे बंधू कॅप्टन रूपसिंह यांचे नाव आहे. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ भारताविरुद्ध खेळला. वर्णभेदामुळे दोन दशकांहून अधिक काळ वाळीत पडलेल्या या संघाच्या पुनरागमनातील तो दुसरा सामना. पहिला दोनच दिवस आधी कोलकात्यात झाला होता. नियामक मंडळाच्या अध्यक्षपदी तेव्हा ग्वाल्हेरचेच माधवराव शिंदे होते.

हा दौरा मुळात ठरलेलाच नव्हता. त्या हंगामात पाकिस्तानचा संघ यायचा होता. ऑक्टोबरमध्ये शिवसैनिकांनी वानखेडे स्टेडियमची खेळपट्टी उखडली, दौरा रद्द झाला आणि रिकाम्या तारखांवर दक्षिण आफ्रिकेला निमंत्रण गेले. एक बहिष्कार संपत असताना दुसरा सुरू झाला. या दोहोंतील फरक मात्र आपल्याकडे क्वचितच तपासला जातो.

वर्णभेदविरोधी बहिष्कार भारताने स्वतः किंमत मोजून पाळला. १९७४ मध्ये अमृतराज बंधूंच्या संघाने पुण्यात सोव्हिएत संघाला नमवून डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती. सरकारच्या भूमिकेनुसार भारताने सामना सोडला आणि चषक न खेळताच प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. अर्थात आपली निष्ठा नेहमीच इतकी कडक नव्हती. १९७६ मध्ये सोवेटोत विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर काही दिवसांतच न्यूझीलंडचा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला. त्याच्या निषेधार्थ दोन डझनांहून अधिक देशांनी, त्यांतही मुख्यतः आफ्रिकी देशांनी, माँट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. केनियाने हॉकीतून अंग काढून घेतले. भारत मात्र खेळला. संघात ध्यानचंद यांचे पुत्र अशोककुमारही होते. आपण सातवे आलो, आणि सुवर्णपदक मिळाले ते न्यूझीलंडला! १९८१ मध्येही बॉयकॉट आणि कुक या इंग्लिश खेळाडूंच्या दक्षिण आफ्रिकी संबंधांवरून वाद झाला. दोघांनी वर्णभेदाला विरोध असल्याचे सांगितल्यावर इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना येऊ दिले. १९८८ मध्ये मात्र गूचसह आठ खेळाडूंना व्हिसा नाकारला गेला आणि इंग्लंडचा दौराच बारगळला.

त्याच १९८१ मध्ये न्यूझीलंडमध्ये जे घडले, ते आंदोलनाचे शास्त्र शिकवणारे आहे. स्प्रिंगबॉक संघाचा दौरा सरकारने थांबवला नाही, तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले. २५ जुलै रोजी हॅमिल्टनच्या मैदानात आंदोलक घुसले व सामना रद्द करावा लागला. सप्टेंबरमध्ये ऑकलंडच्या कसोटीवर विमानातून पिठाच्या पिशव्या टाकल्या गेल्या. मैदानात घुसणे आणि खेळपट्टी खणणे, दोन्ही कायदाभंगच. तेथील आंदोलकांचे म्हणणे मात्र ठरलेले होते. वंश पाहून संघ निवडणाऱ्या व्यवस्थेशी खेळू नका, एवढीच मागणी. तक्रार खेळाच्या रचनेविषयी होती, म्हणून ती रचना बदलताच ती मागे घेता येणार होती. झालेही तसेच. जून १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णातीत अशी एकच क्रिकेट संघटना स्थापन झाली, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने तिला पाठिंबा दिला आणि जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने दार उघडले. अन्याय सोसणाऱ्यांनीच अनुमती दिल्याने दिल्लीचे कामही सोपे झाले. राजनैतिक संबंध पूर्ववत झाले ते नंतर, १९९३ मध्ये.

पाकिस्तानविषयी अशी अट कोणी कधी घातलीच नाही. जानेवारी १९९९ मध्ये शिवसैनिकांनी दिल्लीत फिरोजशाह कोटलाची खेळपट्टी उखडली, तेव्हा तो पक्ष केंद्रातील सत्तेचा वाटेकरी होता. दौरा तरीही झाला, आणि त्याच कोटलावर कुंबळेंनी एका डावात दहा बळी घेतले. २००४ मध्ये वाजपेयी सरकारच्याच काळात आपला संघ पाकिस्तानात गेला. दोन्ही देशांतील अखेरची द्विपक्षीय क्रिकेट मालिका २०१२-१३ ची. दहशतवादाविषयीचा संताप खोटा नाही आणि तो केवळ एका पक्षाचाही नाही. पण बहिष्कार ज्याच्यावर आहे त्याला तो उठवण्यासाठी काय करावे लागेल, हे ठाऊक नसेल, तर ते दडपण राहत नाही. उरते ती केवळ नाराजी.

पहलगामच्या हल्ल्यानंतर, ऑगस्ट २०२५ मध्ये क्रीडा मंत्रालयाने धोरण जाहीर केले : द्विपक्षीय सामने नाहीत, बहुराष्ट्रीय स्पर्धांत मात्र खेळू. त्यानुसार १४ सप्टेंबरला दुबईत भारत-पाकिस्तान सामना झाला. महाराष्ट्रात उद्धव ठाकरे यांच्या पक्षाने त्याविरुद्ध आंदोलन केले आणि मैदानावर खेळाडूंनी हस्तांदोलन टाळले. खेळायचे, पण हात मिळवायचा नाही, ही तडजोड नोकरशाहीच्या टिपणात कशी मांडायची, हे राजधानीतल्या आपल्या मराठी अधिकाऱ्यांनाच विचारावे. त्या धोरणात क्रीडासंबंध हे पाकिस्तानविषयक एकूण धोरणाचे प्रतिबिंब असल्याचे म्हटले आहे. ते केव्हा व कशाच्या बदल्यात सैल होईल, याबद्दल त्यात एकही ओळ नाही.

ध्यानचंद यांच्या जन्मदिनी, २९ ऑगस्टला, बिहारमधील राजगीर येथे आशिया चषक हॉकी सुरू झाली. भारताची ना नव्हती. पाकिस्तानचा संघच आला नाही.