दोष घड्याळाचा नाही

झटपट बुद्धिबळाने पोरे बिघडतात, हे वाक्य बुद्धिबळ शिकवणाऱ्यांच्या तोंडी इतके रुळले आहे की त्याला पुरावा मागायचेही कुणाला सुचत नाही. महाडच्या बाजारपेठेत नाहीतर पोलादपूरच्या एसटी स्थानकात मोबाईलमध्ये डोके घालून तीन मिनिटांचा डाव खेळणारा शाळकरी मुलगा दिसला, की जाणता माणूसही हळहळतो. पोरगा हुशार आहे, पण हुशारी वाया चालली. याने पट मांडून, तासभर डोके लावून खेळायला हवे. सल्ला मायेपोटीच दिलेला असतो. पण तो चुकीच्या निदानावर उभा आहे, आणि महाड-पोलादपूरच्या मुलाच्या बाबतीत तर तो अन्यायाचाही आहे.

आधी हा मुलगा खेळतो कसा ते पाहिले पाहिजे. जागतिक संघटना फिडेच्या नियमांत १० मिनिटांचा किंवा त्याहून कमी वेळेचा डाव म्हणजे ब्लिट्झ, आणि त्यापुढचा पण तासाभराच्या आतला डाव म्हणजे रॅपिड. ऑनलाइन खेळणारी पोरे याच्याही खाली उतरतात. एका मिनिटाच्या डावाला ती बुलेट म्हणतात. पांढरी मोहरी आली की ठरलेली एकच सुरुवात, काळी आली की दुसरी ठरलेली. पहिल्या आठ-दहा खेळ्या डोळे मिटून होतात. वजीर लवकर बाहेर, राजावर थेट धाव, समोरचा दचकला तर वीस खेळ्यांत मात. नाही दचकला तर मोहऱ्यांची मारामारी, आणि शेवटच्या १० सेकंदांत प्रीमूव्हचा पाऊस, म्हणजे समोरच्याची खेळी व्हायच्या आधीच आपली ठरवून ठेवायची. अशा खेळात धीटपणा असतो, डोळ्याला वेग असतो, सापळा लावण्याची आणि चुकवण्याची उपजत युक्ती असते. नसतो तो डावाचा शेवट. मोहरी कमी होऊन पट मोकळा झाला की हा खेळाडू भांबावतो.

हे वर्णन आक्षेप घेणाऱ्यांनाही मान्य होईल. वाद आहे तो कारणाबद्दल. त्यांचे म्हणणे, वेगामुळे हे झाले. तसे असते तर ज्यांनी वेगातच वाढ घेतली त्यांचा खेळ उथळ राहायला हवा होता. विश्वनाथन आनंद मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातल्या ताल चेस क्लबमध्ये घडला, आणि तिथे जिंकेल तो पटावर बसून राहणार, हरेल तो उठणार, अशा ब्लिट्झ डावांवर त्याचा हात तयार झाला. बॉबी फिशरने १९७० साली युगोस्लाव्हियातल्या हर्सेग नोवी इथल्या ब्लिट्झ स्पर्धेत २२ डावांत १९ गुण घेतले. दुसरा आलेला मिखाईल ताल त्याच्या साडेचार गुण मागे होता. दोनच वर्षांत फिशर प्रदीर्घ डावांचा जगज्जेता झाला. ब्लिट्झकडे पाठ फिरवणारा बोटविन्निकही जगज्जेता होता, हे खरे. पण एकाचे वळण सगळ्यांवर लादण्याएवढा आधार त्यात नाही.

आपल्याकडचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे ठरलेल्या दर्जाची स्पर्धेतली कामगिरी, नावावर नसताना ती स्पर्धेला गेली आणि थेट ग्रँडमास्टर होऊन परतली. त्या विजयाचा रस्ता कुठून गेला ते पाहावे. चौथ्या फेरीत चीनची झू जिनेर, उपांत्यपूर्व फेरीत हरिका द्रोणवल्ली आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपी, या तिघींविरुद्ध प्रदीर्घ डावांत निकाल लागला नाही; तो लागला झटपट डावांच्या टायब्रेकमध्ये. २८ जुलैच्या त्या दिवशी प्रत्येकीला १५ मिनिटे आणि खेळीगणिक १० सेकंद होते. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती, समोर रॅपिडमध्ये दोनदा जगज्जेती ठरलेली हंपी. घड्याळ खाली आले तसे हंपीच्या हातून चुका झाल्या आणि दिव्याने त्या पकडल्या. ज्या मुलीला वेगात विचार करता येत नव्हता तिला हा चषक मिळाला नसता. आज मोठ्या स्पर्धांचे बाद फेरीचे सामने बरोबरीत सुटले की झटपट डावांवरच येऊन ठेपतात, आणि मुलाला वेगापासून लांब ठेवा म्हणणारा शिक्षक त्याला त्या दिवसासाठी तयार करत नाही.

वेगात नेमके काय होते, याचा अभ्यासही झालेला आहे. १९८८ साली कॅल्डरवुड, क्लाइन आणि क्रँडल यांनी मास्टर आणि मध्यम दर्जाचे खेळाडू यांचे नेहमीचे डाव आणि ब्लिट्झ डाव तपासले. वेळ कमी झाल्यावर मध्यम खेळाडूंच्या खेळ्यांचा दर्जा चांगलाच घसरला, मास्टरांचा फारसा घसरला नाही. २००४ मध्ये ब्रूस बर्न्स यांनी हजारो डावांच्या निकालांवरून दाखवले की प्रदीर्घ डावात सरस असणारा बहुतेक वेळा ब्लिट्झमध्येही सरस असतो. चांगल्या खेळाडूच्या डोक्यात हजारो रचना साठलेल्या असतात. पटाकडे पाहताक्षणी त्यातली एखादी ओळखीची निघते. वेळ काढून घेतला तरी हा साठा शाबूत राहतो. ज्याचा साठा तोकडा आहे त्याला प्रत्येक खेळी नव्याने शोधावी लागते, आणि तीन मिनिटांत ते जमत नाही. मुलाचा कच्चेपणा वेगाने तयार होत नाही. तो आधीच असतो, वेगात तो उघडा पडतो.

कुणी म्हणेल, मग टोरंटोचे काय? एप्रिल २०२४ च्या कँडिडेट्स स्पर्धेत नाशिकच्या विदित गुजराथीने हिकारू नाकामुराला एकदा नव्हे, दोनदा हरवले. ऑनलाइन झटपट बुद्धिबळाचा जगातला सगळ्यात गाजलेला चेहरा लांबच्या डावात एका शांत, अभ्यासू खेळाडूपुढे नमला, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशीच आहे. मात्र त्यावरून वेगाविरुद्ध निकाल देता येत नाही. त्याच स्पर्धेच्या अखेरीला नाकामुरा साडेआठ गुणांसह संयुक्त दुसरा होता, विदित सहा गुणांवर. रोज हजारो लोकांसमोर ब्लिट्झ खेळणारा माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर प्रदीर्घ बुद्धिबळाच्या शिखरावर टिकून राहतो, तेव्हा वेग बुद्धी पोखरतो हे म्हणणे टिकत नाही. शिवाय विदित स्वतः २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन थेट प्रक्षेपणांत रमला होता. गावोगावच्या कित्येक मुलांना या खेळाची गोडी लागली ती त्याच काळात.

घड्याळ पाडून, म्हणजे समोरच्याचा वेळ संपवून, जिंकणे हलके, असेही एक मत आहे. त्यात फार काही नाही. वेळ हा डावाचाच भाग आहे, आणि ज्याने तो नीट वापरला त्याला त्याचे फळ मिळावे. हरलेल्या स्थितीत निव्वळ बोटांच्या वेगावर डाव काढायची चटक ज्याला नको असेल, त्याने खेळीगणिक दोन-तीन सेकंद वाढणारा डाव खेळावा. समोरच्याकडे वजीर जास्त असेल तर तिथे नुसत्या वेगाने वाचता येत नाही. ही वाढीव सेकंदांची कल्पनाही त्याच फिशरची.

आता उलट बाजूच्या भाबडेपणाकडे. नुसते खेळत राहिले की खेळ आपोआप सुधारतो, असे मुले मानतात आणि तेही तितकेच चूक आहे. २००५ मध्ये नील चार्नेस आणि सहकाऱ्यांनी शेकडो खेळाडूंचा अभ्यास केला. दर्जाशी सगळ्यात घट्ट नाते निघाले ते एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाच्या तासांचे; स्पर्धेत खेळलेल्या तासांचे नाते त्यापुढे फिके होते. हरलेला मुलगा काय करतो? पडद्यावर नव्या डावाचे बटण असते, ते दाबतो. रेटिंग परत मिळवायच्या ईर्ष्येने आणखी एक, आणखी एक. यालाच पोरे टिल्ट होणे म्हणतात. त्या रात्री तो एकच चूक वीसदा करतो आणि झोपतो. खरा घात इथे होतो. दोन डावांमधली मोकळी जागा त्याने गमावलेली असते.

एक जागा जवळून पाहू. पांढरा राजा ई५ वर, त्याच्या मागे ई४ वर पांढरे प्यादे, काळा राजा ई८ वर, खेळी काळ्याची. पटावर बाकी काही नाही. ब्लिट्झमध्ये अशी स्थिती सतत येते, आणि घड्याळात चार सेकंद उरलेले असतात. काळ्याने राजा ई७ वर आणला तर राजे एका घराचे अंतर ठेवून समोरासमोर येतात, हलायची पाळी पांढऱ्याची, आणि डाव बरोबरीत सुटतो. राजा डी७ वर नेला तर पांढरा राजा एफ६ वर घुसतो. काळा ई८ ला परतला की पांढरा ई६ वर येऊन बसतो आणि प्याद्याचा वजीर होणे अटळ ठरते. एफ७ वर नेला तरी तेच, फक्त पांढरा राजा डी६ कडून येतो. आठव्या ओळीवरच रेंगाळला तरी डाव गेला. वाचवणारी खेळी एकच. ज्याने हा शेवट एकदा शांतपणे पटावर मांडून, दोन्ही बाजूंनी खेळून पाहिला आहे, त्याला चार सेकंद पुष्कळ होतात. ज्याने पाहिला नाही त्याला तास दिला तरी तो चाचपडेल.

म्हणून सुधारणेची वाट वेग बंद करण्यातून जात नाही. संध्याकाळी चार-पाच डाव खेळावेत, त्याहून जास्त नकोत. प्रत्येक हरलेला डाव पुन्हा उघडावा आणि इंजिन, म्हणजे खेळ्या तपासणारा संगणकी प्रोग्रॅम, सुरू करण्याआधी आपणच शोधावे की डाव कुठे घसरला. हे आधी-नंतर फार महत्त्वाचे आहे. इंजिन क्षणात उत्तर सांगते, आणि उत्तर आयते कळले की शोधायची तसदी कुणी घेत नाही. सुरुवात बदलत बसू नये. पांढऱ्याची एक, काळ्याच्या दोन पुरतात, फक्त दहाव्या खेळीनंतर त्या सुरुवातीत काय करायचे हे कळले पाहिजे. राजा-प्याद्याचे आणि हत्तींचे मोजके शेवट पाठ व्हावेत. कोडी सोडवताना घड्याळ लावू नये, कारण तिथे साठा भरायचा असतो. आणि आठवड्यातून एखादा डाव तरी लांबचा असावा, ब्लिट्झमध्ये भांबावलो त्याच सुरुवातीचा, म्हणजे तिथे थांबून विचार करता येतो.

तासभर पट मांडून खेळ, हे सांगणाऱ्याने महाडचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. तोडीस तोड प्रतिस्पर्धी कुठे आहे? पनवेल गाठायचे तर मुंबई-गोवा महामार्गावरचे सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर. पोलादपूरच्या आंबेनळी घाटाकडच्या वाडीतल्या मुलाला महाडला येणे हीच एक सहल. पावसाळ्यात वीज जाते, रेंज जाते. जुलै २०२१ च्या पुरात तर तालुका दिवसचे दिवस तुटला होता. या मुलाला फिलिपिन्समधला, पोलंडमधला, नागपुरातला खेळाडू हवा तेव्हा समोर मिळतो तो एकाच ठिकाणी, मोबाईलवर. लीचेससारखे संकेतस्थळ तर एक पैसाही घेत नाही. शहरातल्या मुलाने ब्लिट्झ सोडले तर त्याच्याकडे क्लब उरतो. इथल्या मुलाचे मैदानच जाते.

तुटणाऱ्या रेंजवर मात्र बुलेट खेळू नये. अर्ध्या मिनिटाच्या खंडात तिथे डाव संपतो आणि मनस्ताप तेवढा उरतो. १० मिनिटे अधिक पाच सेकंदांच्या डावात तोच खंड पचतो. अर्थात कधी तोही पचत नाही. ३० ऑगस्ट २०२० ला ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध खेळताना भारताचे निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांची इंटरनेट जोडणी तुटली आणि दोघे वेळेवर हरले. बिघाड जागतिक पातळीवरचा होता, म्हणून फिडेने भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्ण दिले. पोलादपूरच्या मुलाला असा न्याय द्यायला कुणी बसलेले नाही, तेव्हा त्याला स्वतःच वेळ जपून निवडावा लागतो.

मोठ्यांना खरोखर काही करायचे असेल तर मोबाईल काढून घेण्याऐवजी त्यांनी एक जागा द्यावी. महाडच्या किंवा पोलादपूरच्या एखाद्या शाळेचा वर्ग, वाचनालयाचे एक टेबल, रविवारी दोन तास. चार पट, दोन डिजिटल घड्याळे. प्रत्येकाने आठवड्यातला आपला एक हरलेला ऑनलाइन डाव वहीत उतरवून आणायचा, तो खऱ्या मोहऱ्यांनी मांडायचा आणि कुठे चुकलो ते बाकीच्यांना सांगायचे. इंजिन शेवटी उघडायचे. मग १५ मिनिटे अधिक १० सेकंदांचा एक डाव, दिव्याने बातुमीला खेळला त्याच वेळेचा.