मूळ की नुसतं बरोबर?

मंडळी, जुन्या स्पोर्ट्स कारचं ‘कंपनीचं ओरिजिनल टूलकिट’ कोणी अभिमानाने उलगडून दाखवलं की मी एकच प्रश्न विचारतो. मूळ आहे, की नुसतं बरोबर आहे? समोरचा जरा वैतागतोच. पण हे दोन शब्द एकच समजल्यामुळे लोकांचे पैसे जातात आणि त्याहून वाईट म्हणजे गाडीचा इतिहास जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

फरक साधा आहे. कारखान्याच्या यादीत होती त्याच मेकची, त्याच मापाची हत्यारं इकडून तिकडून जमवून गुंडाळीत भरली, तर ते किट बरोबर. फॅक्टरीच्या दारातून ह्याच गाडीबरोबर जी बाहेर पडली, तीच आजही गाडीत असतील तर ते मूळ. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर दोन फाइल्सचा मजकूर तंतोतंत जुळला म्हणून त्यांची हिस्टरी एक होत नाही.

उदाहरणच घेऊ. ठाण्यातला माझा एक मित्र वडिलांची एमजी टीसी पुन्हा उभी करतोय. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला १९४५ ते १९४९ ह्या काळात बनलेली ही दोन सीटर, एकूण गाड्या जेमतेम दहा हजार. गाडीबरोबर वडिलांची पान्यांची एक मळकी गुंडाळीही आली. त्याचा विचार असा, की ही भंगारात द्यावी आणि बाहेरून ‘कम्प्लीट’ सेट मागवावा. मी म्हटलं, थांब बाबा, आधी बघू तर.

पहिली तपासणी मापाची. टीसीच्या इंजिनाची गंमत म्हणजे बोल्टचे आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ मापाची! व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा म्हणजे जबड्याची रुंदी नव्हे, तो बोल्टचा व्यास. पाव इंच व्हिटवर्थ पान्याचा जबडा प्रत्यक्षात साधारण १३.३ मिलिमीटर असतो. आपला १३ चा पाना त्या डोक्यावर बसतच नाही. १४ चा बसतो, पण घसरतो आणि बोल्टचे कोपरे गोल करून ठेवतो. म्हणजे योग्य पाना ही निव्वळ हौस नाही, गाडी वाचवायचा प्रश्न आहे. ह्याउलट जबड्याचीच रुंदी इंचात लिहिलेले ‘एएफ’ पाने. एमजीच्या स्पोर्ट्स कारमध्ये त्यांचं राज्य मुख्यतः १९५५ च्या एमजीएपासून सुरू झालं. टीसीच्या गुंडाळीत असा पाना निघाला तर तो मागाहून आलेला, हे उघड आहे.

दुसरी तपासणी शिक्क्याची. पान्यावर कोणाचं नाव आहे, आणि ते नाव गाडीच्या सालात अस्तित्वात तरी होतं का? तिसरी झिजेची. एकाच खणात वर्षानुवर्षं पडलेला पाना कापडावर आपला ठसा सोडतो. टीसीची चाकं मधल्या एकाच मोठ्या नटावर असतात. त्या नटाला दोन कान असतात आणि हातोडीने ते ठोकून तो सैल करायचा. मग साठ-सत्तर वर्षं चाललेल्या गाडीची हातोडी बिनओरखड्याची कशी? सगळी हत्यारं एकसारखी चकचकीत दिसली की मला शंका यायला लागते. पान्याची हुबेहूब नक्कल करणं अवघड नाही. आपल्याच वागळे इस्टेटमधला एखादा चांगला टर्नर-फिटर नमुना बघून करून देईल.

तर मित्राच्या गुंडाळीत काय निघालं? काही व्हिटवर्थ पाने, एक मेट्रिक पाना आणि एक टपारियाचा. टपारियाने हत्यारं बनवायला सुरुवात केली १९६९ साली. म्हणजे हा पाना फॅक्टरीचा असणं शक्यच नाही. पण म्हणून फेकायचा? मला विचाराल तर मुळीच नाही! १९६९ नंतरही कोणीतरी ही गाडी हाताने दुरुस्त करत होतं, ह्याचा तो पुरावा आहे. वडिलांचा हात लागलेला तो एकच पाना असेल कदाचित.

आता कोणी म्हणेल, प्रदर्शनात मार्क मिळतात ते पूर्ण सेटला, विकताना किंमत येते तीही पूर्ण सेटला. मान्य. मग घ्या की पूर्ण सेट. पण कुठला नग कधी आणि कुठून आला, हे कागदावर लिहून गुंडाळीत ठेवा. जुनी हत्यारं शेजारच्या डब्यात राहू द्या. जमवलेल्याला ‘जमवलेलं’ म्हणण्यात कसली आलीय लाज? लाज वाटावी ती जमवलेलं ‘मूळ’ म्हणून विकण्यात. जुलै २०२१ मध्ये आलेल्या सरकारी नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. तिथे बघतात चॅसी, बॉडी आणि इंजिन. पान्यांची चौकशी कोणी करत नाही. म्हणूनच ती जबाबदारी मालकावर येते.

आणि हे फक्त विलायती गाड्यांपुरतं नाही बरं का. कुर्ल्याच्या प्रीमियरची पद्मिनी २००० च्या आसपास बंद झाली, मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्याही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. प्रीमियरच्याच कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्युजो ३०९ बनत होती. ह्या गाड्या आता हळूहळू ‘क्लासिक’ होतायत. अजून वीस वर्षांनी त्यांची ‘ओरिजिनल’ टूलकिटं तेजीत विकली जातील. पण गाडीबरोबर नक्की काय दिलं जायचं हे कोणाला माहीत असणार?

आज माहीत आहे. त्या लाइनवर काम केलेले काका, त्या गाड्यांवर हात काळे केलेले फिटर तुमच्या-माझ्या सोसायटीत, कट्ट्यावर, सकाळी फिरायला जाताना भेटतात. येत्या वीकांताला त्यांच्याबरोबर एक कटिंग घ्या आणि विचारा, डिकीत काय काय असायचं? जॅक कसला, पाने किती, पिशवी कसली? सालासकट लिहून ठेवा. घरात जुनी गाडी असेल तर गुंडाळी उलगडून प्रत्येक नगाचा फोटो काढा, शिक्क्यासकट. तासाभराचं काम आहे, आणि ते सांगणारी माणसं अजून आहेत.