फोनवर बोलू

शनिवारी सकाळी चहाच्या आधीच मोबाइलवर सहा निरोप येऊन पडले होते. पाच जणांनी एकच बातमी पाठवली होती आणि त्यातल्या तिघांनी खाली लिहिलं होतं, ‘घ्या, तुमच्या मनासारखं झालं.’ सहावा निरोप माझ्या एका जुन्या ज्युनिअरचा. ती आता एका उत्पादन कंपनीत विधी विभागाची प्रमुख आहे. तिने एवढंच विचारलं होतं, ‘सर, आता ईमेल लिहायचा की फोनवर बोलायचं?’

निकालाची पार्श्वभूमी पुन्हा उगाळत नाही. ईडीने ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवली, गदारोळ झाला, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश गवई यांच्या पीठाने वकील आणि अशील यांच्यातल्या गुपिताभोवती चांगली भक्कम भिंत बांधून दिली. बार असोसिएशनांत पेढे वाटले गेले असतील. पण त्याच निकालाच्या शेपटाकडे असंही म्हटलं आहे की कंपनीच्या नोकरीतला पगारी वकील भिंतीच्या आत येत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं कवच न्यायालयात वकिली करणाऱ्याला आहे, त्याला नाही. कलम १३४ चा थोडासा आडोसा आहे, पण तो कंपनीच्या बाहेरच्या कायदा सल्लागाराशी झालेल्या बोलण्यापुरता. मालक आणि त्याचा पगारी वकील एकमेकांना जे लिहितील, ते उघड्यावर.

ज्याची सनद खुंटीला टांगलेली आहे त्याने काळ्या कोटाचे मान मागू नयेत, असं मी या जागेवर दोनदा लिहिलं आहे आणि दोन्ही वेळा विधी प्रमुखांकडून खरपूस पत्रं खाल्ली आहेत. तेव्हा हो, मनासारखं झालं. बार कौन्सिलचा नियम ४९ म्हणतो की पूर्णवेळ पगार घेणाऱ्याने वकिली करू नये. युरोपच्या न्यायालयाने २०१० मध्ये ॲक्झो नोबेलच्या प्रकरणात हेच सांगितलं होतं: नोकरीतला वकील कितीही सज्जन असला तरी बाहेरच्या वकिलाइतका मालकापासून मोकळा नसतो. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाचा विजय मेटल वर्क्सचा निकाल पगारी वकिलांच्या बाजूचा होता. चाळीस वर्षं तो ढालीसारखा पुढे केला जाई. आता ती ढाल भिंतीला टांगायची.

तरी मला आनंद झाला नाही आणि याच आठवड्यात मुंबईतल्या एका चर्चासत्रात जे ऐकलं त्याने तर डोकंच फिरलं. दोन तास रडगाणं: आमचं गुपित गेलं, आमची प्रतिष्ठा गेली. मग एका वक्त्याने अपेक्षेप्रमाणे रामशास्त्री प्रभुणे काढले. आमच्यातही रामशास्त्री आहेत म्हणे! अहो, रामशास्त्री न्यायाधीश होते, राघोबादादांचे लीगल हेड नव्हते. आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितल्यावर त्यांनाही पुणं सोडून जावं लागलं, डोक्यावर गृहकर्ज नसताना. दोन तासांत एकानेही विचारलं नाही की न्यायालयाला आपण मोकळे का वाटलो नाही, आणि मोकळं व्हायला काय लागतं.

काय लागतं ते रिझर्व्ह बँकेने ११ सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकात लिहून ठेवलं आहे. बँकेच्या मुख्य अनुपालन अधिकाऱ्याबद्दलचं ते परिपत्रक मी अनेकदा वाचतो, लोक ज्ञानेश्वरी वाचतात तसं.

दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. दोघांचं एलएल.बी. एकाच कॉलेजातलं, वय पंचेचाळीसच्या आसपास. एक बँकेत मुख्य अनुपालन अधिकारी, दुसरी कारखानदार कंपनीत विधी प्रमुख. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दोघांसमोर एकेक व्यवहार येतो आणि दोघंही म्हणतात, ‘हे नियमात बसत नाही.’ विक्रीवाल्यांचा चेहरा दोन्हीकडे सारखाच पडतो. इथून पुढे वाटा फुटतात.

बँकेतल्या माणसाची मुदत किमान तीन वर्षांची. त्याला मध्येच उचलायचं तर कारण अपवादात्मक हवं, संचालक मंडळाची आधी स्पष्ट मंजुरी हवी आणि रिझर्व्ह बँकेला आधी कळवायला हवं. म्हणजे त्याला हाकलण्याआधी हाकलणाऱ्याला दोन ठिकाणी तोंड दाखवावं लागतं. आमच्या विधी प्रमुखबाईंचं काय? मनुष्यबळ विभागाच्या सादरीकरणात एक स्लाइड येते, तीवरच्या चौकोनाला आता वित्त प्रमुखांच्या चौकोनाखालून रेघ जाते, आणि याला ‘पुनर्रचना’ म्हणतात. राजीनामा घेण्याचीही गरज पडत नाही, तो आपोआप येतो.

बँकेतल्या माणसाला धंद्याचं कसलंही उद्दिष्ट देता येत नाही, धंद्याच्या विभागांशी वरिष्ठ-कनिष्ठ असं नातंही ठेवता येत नाही. हिच्या वार्षिक मूल्यमापनात पहिला रकाना असतो, करार किती दिवसांत ‘क्लोज’ केले. बोनस कंपनीच्या नफ्याला बांधलेला. जो व्यवहार अडवायचा, त्याच व्यवहारातून मुलाच्या कॉलेजची फी निघणार.

आणि मला सगळ्यात बोलकी वाटते ती तिसरी गोष्ट. बँकेतला हा अधिकारी व्यवस्थापकीय संचालकाच्या हाताखाली असेल, तर मंडळाच्या लेखापरीक्षण समितीने त्याला दर तिमाहीला एकट्याला भेटायचं असतं, वरिष्ठ व्यवस्थापनातलं कोणी खोलीत नसताना. रिझर्व्ह बँकेने सज्जनपणावर भिस्त ठेवली नाही, दार बंद करण्याची सोय केली.

त्यामुळे बँका सोवळ्या झाल्या असं मुळीच नाही. दंडाच्या बातम्या येतच असतात. पण नाही म्हणणाऱ्याची खुर्ची तरी जमिनीला बोल्ट मारून बसवली आहे. २०२२ मध्ये मोठ्या बिगरबँक वित्त कंपन्यांसाठीही असंच परिपत्रक निघालं. बाकी सगळ्या कंपन्यांत काय? कंपनी कायद्याच्या कलम २०३ मध्ये महत्त्वाच्या व्यवस्थापकीय पदांची यादी आहे. तीत व्यवस्थापकीय संचालक आहे, कंपनी सेक्रेटरी आहे, वित्त प्रमुख आहे. वकील नाही. सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये सूचीबद्ध कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला मंडळाच्या जेमतेम एक पायरी खाली आणून बसवलं, पण ते पद कंपनी सेक्रेटरीचं. वकील तिथेही जिन्यात उभा.

(विधी विभाग इमारतीच्या कोणत्या मजल्यावर आहे यावरून कंपनीची नियत कळते, हा माझा जुना सिद्धांत. पुरावा विचारू नका. उपाहारगृहाला लागून असेल तर शेअर घेऊ नका.)

दार बंद करण्याची सोय नसली की काय होतं, हे जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचने दाखवलं. चालत्या गाडीत स्विच घसरायचा, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅग उघडायची नाही. गाड्या परत बोलावण्याचा निर्णय होण्याच्या आधीपासून कंपनीचे वकील अपघातांचे दावे तडजोडीने मिटवत होते. बाहेरचे वकील बजावत होते की जबर दंडात्मक भरपाई बसेल. पण ५० लाख डॉलरच्या वरची तडजोड असेल तरच ती मुख्य विधी अधिकाऱ्याच्या मंजुरीला जायची. खालची सगळी खालीच जिरली. २०१४ मध्ये परतबोलावणी झाली, नंतर भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. चौकशी अहवालात त्या कंपनीच्या एका सवयीचंही वर्णन आहे: बैठकीत सगळ्यांनी मान डोलवायची आणि उठून कोणी काही करायचं नाही. त्यांनी तिला कौतुकाने नावही दिलं होतं. आपल्याकडे त्याला नंदीबैल म्हणतात. स्वतंत्र संचालकांसाठी मी तो शब्द वापरला म्हणून एका वाचकाने अंक बंद केला होता. त्यांनी हा परिच्छेद वाचू नये.

जोखीम सगळ्यात आधी विधी विभागालाच दिसते, कारण नोटीस तिथेच येऊन पडते. आता त्या विभागाचा प्रत्येक लेखी इशारा उद्या तपास अधिकाऱ्याच्या हातात पडू शकतो. मग कंपन्या दोनच गोष्टी करतील. जिच्याकडे पैसा आहे ती साधा प्रश्नसुद्धा बाहेरच्या मोठ्या फर्ममार्फत विचारेल, तासाच्या दराने गोपनीयतेचं पाकीट विकत घेईल. फर्मवाले या निकालाला नावं ठेवताना दिसले नाहीत ते उगीच नाही. जिच्याकडे पैसा नाही, तिथे सगळं फोनवर. आणि फोनवर दिलेला इशारा वर्षभराने कोणी दिलेलाच नसतो.

म्हणून ज्युनिअरला मी उत्तर दिलं: लिही. विशेषणं गाळून लिही, तारीख, रक्कम, कलम, एवढंच. आणि प्रत लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांना टाक.

तिचा लगेच फोन आला. आधी नुसतीच हसली.

“सर, त्यांचा ईमेल पत्ता आमच्याकडे नसतो. तो सेक्रेटरियलकडे असतो. मागायचा तर कारण लिहून द्यावं लागतं.”

“कोणाला?”

“एमडींच्या ऑफिसला.”