सहनशीलतेची सीमा

संकट आले की पशुपक्षी दुसरीकडे आसरा शोधतात. वृक्षाला ती सोय नाही. जेथे बी रुजले, तेथेच त्याला प्रत्येक ऋतूला तोंड द्यावे लागते. म्हणून वृक्षाला परावलंबी व दुबळा समजण्याचा प्रघात पडला आहे. हा समज किती चुकीचा आहे, हे कोकणातील खाडीकाठचे तिवर पाहिले म्हणजे पटते.

खाडीतील परिस्थिती कधीच स्थिर नसते. दिवसातून दोनदा भरती येते व मुळे पाण्याखाली जातात. ओहोटीला तोच चिखल उघडा पडतो. पावसाळ्यात पुराच्या पाण्याने खाडीचा खारटपणा उतरतो आणि उन्हाळ्यात तो पुन्हा वाढतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी शेतात शिरले, तर भाताचे पीक करपून जाते.

तिवराचे झाड मात्र तेथेच फोफावते. त्याची मुळे पाणी शोषताना बहुतेक मीठ बाहेरच अडवतात. जे थोडे आत शिरते, त्यातील बरेचसे पानांवरील सूक्ष्म ग्रंथींवाटे बाहेर टाकले जाते. पाण्याचा खारटपणा वाढला, की झाड आपल्या पेशींतील रस अधिक दाट करते आणि त्या बळावर खाऱ्या चिखलातूनही पाणी ओढून घेते. पानांवरील रंध्रे आवळून ते मिळालेले पाणी जपून वापरते. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. म्हणून त्याची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी सरळ वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात.

हे सामर्थ्य पाहून, "असे झाड काहीही सोसेल, भराव घातला तरी निसर्ग आपली वाट काढील," असे काही जण म्हणतात. हा युक्तिवाद फसवा आहे. तिवराला हे गुण लाभले, ते असंख्य पिढ्यांच्या प्रवासात आणि खाडीत नित्य घडणाऱ्या बदलांसाठी. श्वसनमुळांवर दगडमातीचा ढीग पडला, तर झाड गुदमरते. बांध घालून भरतीचे पाणी तोडले, तर ते हळूहळू वाळते. मिठाशी झुंजणारे झाड या आघातांपुढे हतबल ठरते.

वाढत्या शहरांना रस्ते व घरे हवीत, हे खरे. परंतु तिवरांचे रान म्हणजे पडीक जमीन नव्हे. ते किनाऱ्याची माती धरून ठेवते, लाटांचा जोर मोडते आणि मासळीच्या पिलांना आसरा देते. त्या मासळीवर कोळ्यांच्या चुली पेटतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, ती योग्यच होय. पण कायद्याच्या जोडीला जाणतेपणाही हवा. दुसऱ्याच्या सहनशीलतेचे कौतुक करणाऱ्याने तिची सीमाही ओळखली पाहिजे.