लाडक्या मालिकेतल्या चुका

१९९८ साली मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात नववीत शिकत होतो. आमच्या गल्लीत दूरदर्शनचे संच मोजून तीन. त्यांतला एक शेजारच्या काकांकडे होता, आणि तोही कृष्णधवल. वारा सुटला की चित्र हलायचे. मग कोणीतरी माळवदावर चढून अँटेना फिरवायची आणि खालून आम्ही ओरडायचे, "आलं, आलं! गेलं! थोडं इकडं!" त्या संचावर आम्ही 'कॅप्टन व्योम' ही हिंदी मालिका पाहिली. ती केतन मेहता यांची, आणि व्योमचे काम मिलिंद सोमण यांनी केलेले. गोष्ट बाविसाव्या शतकातली. माणूस सूर्यमालेत दूरदूर जाऊन राहिला आहे, बारा अट्टल गुन्हेगार तुरुंगातून निसटले आहेत आणि त्यांना पकडण्याची कामगिरी व्योमवर सोपवलेली आहे. गोष्ट ऐन रंगात आली की नेमकी वीज जायची. मग उरलेली गोष्ट आम्ही अंधारात ओट्यावर बसून आपापल्या मनाने पुरी करीत असू. पुढे मी भौतिकशास्त्राकडे वळलो, त्यात त्या ओट्यावरच्या गप्पांचा वाटा मोठा आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ही मालिका मी मोठ्या हौसेने पुन्हा पाहावयास घेतली. शेजारी आठवीतली मुलगी होती. अवकाशात एक यान फुटले, मोठा धडाका झाला, आणि ती म्हणाली, "बाबा, आवाज कसा आला? तिथं हवा तर नाही!"

खरे सांगतो, मला राग आला. लाडक्या मामाची खोड कोणी चारचौघांत काढावी, तसे वाटले. मी म्हणालो, "गप्प पाहा. गोष्ट आहे ती." ती गप्प बसली. आणि मला एकदम काही वर्षांपूर्वीचा माझाच वर्ग आठवला.

अकरावीचा वर्ग होता. अभ्यासक्रम मागे पडलेला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने उठून विचारले होते, "सर, मालिकेत गुरूजवळच्या यानाला पृथ्वीवरून लगेच उत्तर येतं. असं होतं का?" मी म्हणालो, "मालिका घरी पाहायच्या. इथं पुस्तक काढा." वर्ग हसला. त्या मुलाने त्यानंतर वर्षभर एकही प्रश्न विचारला नाही. वर्गात मी त्याला मालिकेवरून गप्प केले आणि घरी मालिकेसाठी मुलीला गप्प केले. दोन्ही वेळा प्रश्न बरोबर होता आणि चूक माझी होती.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. चूक सापडली म्हणून लाडकी मालिका टाकून देऊ नये. आणि मालिका लाडकी आहे म्हणून तिची चूक पोटातही घालू नये. ती चूक कोणत्या जातीची आहे, ते तपासावे. कारण सगळ्या चुका सारख्या नसतात.

पहिली जात सोयीची. ध्वनीला प्रवासासाठी माध्यम लागते. निर्वात पोकळीत माध्यम नाही, म्हणून स्फोट दिसेल, पण ऐकू येणार नाही. हे मालिका करणाऱ्यांना ठाऊक नसते असे नव्हे. पण मुका स्फोट पाहून प्रेक्षकाला आपला संचच बिघडला असे वाटेल! तीच गोष्ट गुरुत्वाकर्षणाची. गॅनिमीड हा गुरूचा सर्वांत मोठा उपग्रह. त्याच्या पृष्ठभागावर गुरुत्वत्वरण सुमारे १.४३ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे पृथ्वीवरच्या सुमारे एक सप्तमांश आहे. येथे अर्धा मीटर उंच उडी मारणारा मुलगा तेवढाच जोर लावून तेथे साडेतीन मीटरच्या आसपास उडेल. मालिकेत मात्र सगळे जण परक्या गोलावरही बाजारात चालावे तसे चालतात. कारण चित्रीकरण पृथ्वीवर होते! अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात 'स्टार ट्रेक' ही मालिका दाखवली गेली. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शननेही ती दाखवली होती. तीत माणसे यानातून अदृश्य होऊन थेट ग्रहावर प्रकट होतात. ही युक्ती शोधण्याचे एक कारण असे, की दर भागात एवढे मोठे यान ग्रहावर उतरलेले दाखवणे निर्मात्यांना परवडणारे नव्हते. अशा चुका ओळखाव्यात, हसावे आणि पुढे पाहावे.

दुसरी जात निसर्गाचा नियम मोडणारी. मागच्या बाकावरच्या त्या मुलाचा प्रश्न या जातीचा होता. मी तेव्हा न दिलेले उत्तर येथे देतो. पृथ्वीपासून गुरूचे अंतर बदलत असते. ते कमीत कमी सुमारे ५९ कोटी किलोमीटर आणि जास्तीत जास्त सुमारे ९७ कोटी किलोमीटर असते. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जातात. भागाकार करून पाहा. संदेश तेथे पोहोचायलाच सुमारे ३३ ते ५४ मिनिटे लागतील. "व्योम, ऐकतोस का?" असे विचारले, तर "हो" हा शब्द येईपर्यंत निदान तासभर तरी थांबावे लागेल. तोवर गुन्हेगार निसटलेला असेल. येथे सोयीचा प्रश्न नाही. कोणताही संदेश प्रकाशापेक्षा वेगाने धाडता येत नाही, हे सापेक्षता सिद्धांताच्या मुळाशीच आहे.

आता एक गंमत पाहा. आम्ही ओट्यावर बसून व्योमची गोष्ट पुरी करीत होतो, त्याच वेळी एक खरेखुरे यान गुरूभोवती फिरत होते. त्याचे नाव गॅलिलिओ. ते ७ डिसेंबर १९९५ रोजी तेथे पोहोचले. वाटेत त्याची मुख्य अँटेना पुरती उघडलीच नाही! आमची अँटेना फिरवायला माळवदावर माणूस चढत असे. तेथे कोण चढणार? मग शास्त्रज्ञांनी यानातल्या संगणकाला माहिती दाबून लहान करायला शिकवले आणि छोट्या अँटेनावर काम भागवले. सेकंदाला जास्तीत जास्त १६० बिटच्या आसपास माहिती येई. अशा गोगलगाईच्या चालीने आलेल्या मोजमापांतून युरोपा या उपग्रहाच्या बर्फाखाली खारट पाण्याचा समुद्र असावा, असा भक्कम पुरावा मिळाला. सप्टेंबर २००३ मध्ये यान गुरूच्या वातावरणात जळून गेले. याच युरोपाकडे १४ ऑक्टोबर २०२४ रोजी 'युरोपा क्लिपर' हे यान निघाले असून ते २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचणे अपेक्षित आहे. सांगा, व्योमच्या गोष्टीहून ही गोष्ट कमी रंगतदार आहे काय? १९९८ साली हे आम्हाला कोणी सांगितले नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

तिसरी जात म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टी. परक्या गोलांवर वस्ती, महिनोन्‌महिन्यांचे प्रवास, साऱ्या जगाचे एकच सरकार. यांना चूक म्हणूच नये. त्यांतल्या काही कधीच घडणार नाहीत, काही घडतील. नियम आड येत नाही, अडचणी मात्र पुष्कळ आहेत. पुढे तुमच्यापैकी कोणी काम करायचे म्हटले, तर ते याच जातीत सापडेल.

आणि या तिन्ही जातींबाहेरची एक गोष्ट मालिका देते. राकेश शर्मा १९८४ साली अवकाशात गेले, तेव्हा आमची पिढी पाळण्यात होती. आम्हाला ठाऊक असलेले बाकी अंतराळवीर रशियन किंवा अमेरिकन. व्योम हा आमच्या ओळखीच्या नावाचा, आमच्या ओळखीच्या भाषेत बोलणारा पहिला. 'स्टार ट्रेक'मध्ये संदेशवहनाचे काम पाहणारी अधिकारी एक कृष्णवर्णीय स्त्री होती. तिला पाहत वाढलेली मे जेमिसन ही मुलगी १९९२ साली 'एंडेव्हर' यानातून खरोखरच अवकाशात गेली. अवकाशात जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोहोचले, तेव्हा माझी मुलगी बातम्यांसमोरून हलत नव्हती, आणि मला काकांच्या घरचा संच आठवत होता.

तेव्हा मुलांनो, मालिका जरूर पाहा, आवडलेली पुन्हा पाहा. जवळ एक वही ठेवा आणि तीत तीन रकाने आखा : सोयीसाठी केलेले, नियम मोडणारे आणि अजून न घडलेले. एखादी गोष्ट कोणत्या रकान्यात घालावी हे ठरत नसेल, तर शिक्षकांना विचारा. शिक्षक मित्र म्हणतील, अभ्यासक्रम कधी पुरा करायचा? पण ध्वनी, गुरुत्वाकर्षण आणि प्रकाशाचा वेग हाच तर अभ्यासक्रम आहे. त्या मुलाच्या प्रश्नाला फळ्यावर एक भागाकार पुरला असता. पाच मिनिटांचे काम होते.

आमच्या घरी आता अशी वही आहे. पहिली नोंद मुलीच्या अक्षरात आहे : 'यान फुटल्याचा आवाज.' मालिकेचे अजून पुष्कळ भाग पाहावयाचे राहिले आहेत. तिच्या सापडलेल्या चुका माझ्यापेक्षा तीनने जास्त आहेत, आणि पुढचा भाग लावा म्हणून घाईही तिलाच आहे.